सुट्टीतली कालवं: घरी कशी करायची, बाहेर कशी खायची

नाताळच्या सुट्टीत गावी जायचं ठरलं की माझा पहिला फोन आत्याला जातो आणि पहिला प्रश्न तिथीचा असतो. अमावास्या किंवा पौर्णिमा नेमकी कधी येते? कारण कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले (ऑयस्टर), बाजाराच्या वारावर मिळत नाहीत, ओहोटीवर मिळतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस, समुद्र भरतीला जितका वर चढतो तितकाच सुकतीला मागे सरतो आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. आमच्या किनाऱ्याला त्या दिवसांत भर ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. पहाटे बायका कोयती आणि डबा घेऊन खडकावर उतरतात, उन्हं वर येईपर्यंत एकेक कालव फोडून आतला गर डब्यात जमवतात आणि पाणी परत फिरलं की वर येतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी पुरतं हटतच नाही. तेव्हा तुम्ही कितीही पैसे देऊ केलेत तरी कालवं मिळणार नाहीत, आणि मिळालीच तर ती कधीची आहेत हा प्रश्न विचारायलाच हवा.

म्हणून सुट्टीत कालवं खायची असतील तर आधी कॅलेंडर काढा आणि अमावास्या-पौर्णिमेवर खूण करा. त्याच कॅलेंडरात मार्गशीर्षातले गुरुवारही बघून ठेवा. काही घरांत अख्खा मार्गशीर्ष पाळतात. आमच्याकडे फक्त गुरुवार पाळतात, त्यामुळे उधाण आणि गुरुवार एकत्र आले की आत्या कालवं आणून गोठवून ठेवते आणि शुक्रवारी करते.

पावसाळ्यात कालवांच्या वाटेला जाऊ नका. खाडीत डोंगरावरचं गोडं पाणी उतरतं, कालवं पातळ आणि बेचव होतात, शिवाय गावभरची घाण त्याच पाण्यातून वाहत आलेली असते. दिवाळीनंतर पाणी निवळतं, खारटपणा परत येतो आणि डिसेंबर-जानेवारीत गर भरलेला, गोडसर मिळतो. मे महिन्याच्या सुट्टीतही कालवं मिळतात, पण तेव्हा पाणी कोमट असतं आणि हवा तापलेली, त्यामुळे ती फार लवकर खराब होतात. माझी पसंती थंडीलाच आहे.

आधी पाणी विचारा

तिसऱ्या वाळूत फिरतात, खेकडा चालतो, मासा तर पोहतच असतो. कालव मात्र एकदा खडकाला चिकटलं की जन्मभर तिथंच राहतं. समोरून जे पाणी जाईल ते आत ओढायचं, त्यातले बारीक जीव खायचे आणि पाणी सोडून द्यायचं, हे त्याचं जगणं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं एक कालव चांगल्या परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. आता विचार करा, त्या पाण्यात गटार सोडलेलं असेल, बंदरातलं डिझेल तरंगत असेल, कारखान्याचं सांडपाणी येत असेल, तर ते सगळं याच इवल्या शरीरातून जातं आणि त्यातलं काही आत साठतं. कालवांच्या बाबतीत मी मसाल्याचा विचार सगळ्यात शेवटी करते. पहिला विचार पाण्याचा.

विकणाऱ्या बाईला सरळ विचारा, "मावशी, कालवं कुठची?" खरी कालवं काढणारी बाई जागेचं नाव सांगते: अमक्या खाडीच्या तोंडाकडची, तमक्या खडपावरची. "इथलीच" एवढंच उत्तर आलं तर मी पुढे जाते. शहराच्या, बंदराच्या, मोठ्या नाल्याच्या जवळची कालवं घेऊ नका, ती कितीही टपोरी दिसोत. पाण्याला लालसर किंवा विचित्र रंग आला आहे असं किनाऱ्यावरची माणसं म्हणत असतील तर त्या आठवड्यात कोणतेच शिंपले खाऊ नका. काही सूक्ष्म शैवालांचं विष कालवांत उतरतं आणि ते शिजवून जात नाही. धातूंचंही तसंच आहे. शिजवण्याने जंतू मरतात, पाण्याचे बाकीचे दोष तसेच राहतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही खाड्यांमध्ये आता बचतगट कालवांची शेती करतात. कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना २०१७ साली सुरू झाली, तिच्यात कालवेपालन आहे. तराफ्याला किंवा मांडवाला दोऱ्या टांगून त्यांवर कालवं वाढवतात. अशी कालवं मिळत असतील तर जरूर घ्या. जागा ठाऊक असते, शिंपल्यासकट जिवंत मिळतात आणि खडकावरची पिल्लं खरवडली जात नाहीत. सुट्टीला गेल्यावर हौसेने स्वतः कोयती घेऊन खडकावर उतरणाऱ्यांना माझी विनंती आहे की हे करू नका. कुठलं मोठं, कुठलं ठेवायचं हे त्या बायकांना कळतं, आणि त्या खडकांवर त्यांचं घर चालतं. शिवाय कालवाची धार पात्यासारखी असते. पाय कापला तर जखम खोल जाते आणि समुद्राच्या पाण्यातले जंतू तिच्यातून आत शिरतात. बघायला जायचं असेल तर बूट घालून जा. कापलंच तर साबणाने आणि स्वच्छ पाण्याने लगेच धुवा, आणि सूज किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जायला वेळ लावू नका.

विकत घेताना

आपल्याकडे कालवं बहुतेक फोडलेलीच मिळतात, पातेल्यात किंवा पिशवीत, वाट्यावर. काय बघायचं?

आधी पाणी बघा. कालवांच्या अंगचं पाणी किंचित दुधी आणि बुळबुळीत असतं, पण ते गढूळ राखाडी किंवा गुलाबी नसतं. पातेल्यात निम्म्याहून जास्त पाणी असेल तर वजन वाढवायला वरून ओतलेलं असण्याची शक्यता आहे. गोड्या पाण्यात पडलेली कालवं फुगतात, मोठी दिसतात आणि कढईत गेल्यावर आक्रसून बोराएवढी होतात. मावशीला सांगा, पळीने उचलून पाणी निथळू द्या आणि मग वाटा घाला. बहुतेक जणी आनंदाने तसं देतात.

मग गर बघा. फिकट पिवळट-करडा, कडेला काळी झालर, मधे भरलेला. फुटून चिखल झालेला नको. शेवटी वास. ताज्या कालवाला समुद्राचा वास येतो, ओल्या खडकाचा. आंबूस किंवा गंधकासारखा वास आला तर सोडून द्या. इथे भीड बाळगू नका, पातेलं नाकाजवळ न्या. कोळणींना त्यात काही वाटत नाही, त्या स्वतः तसंच करतात.

चार माणसांना सुक्यासाठी निथळलेला अर्धा किलो गर लागतो. आटून तो निम्मा होतो, हे लक्षात ठेवून घ्या.

घरी पोचेपर्यंत

काही वर्षांपूर्वी आम्ही गावाहून परतताना महामार्गालगत एका ठिकाणी कालवं घेतली. सकाळचे दहा वाजले होते. पिशवी सीटच्या मागे ठेवली, वाटेत देवदर्शन झालं, जेवण झालं, चहा झाला. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच. पिशवी उघडल्यावर वास जरा वेगळा वाटला होता. मला तो वाटला होता, मी बोललेही, आणि मग आम्हीच ठरवलं की भरपूर लसूण आणि मसाला घातला की जाईल. रात्री दोन वाजल्यापासून चौघांना उलट्या सुरू झाल्या आणि माझ्या भाच्याला सलाईन लावावं लागलं. तो तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्या हाताला सुई टोचताना मी त्याचा दुसरा हात धरून बसले होते. विकणाऱ्याची कालवं सकाळी कशी होती ते मला सांगता येणार नाही. सात तास गाडीत ठेवणारे आम्ही होतो.

तेव्हापासून नियम असा: थंडगार डबा नसेल तर कालवं घ्यायची नाहीत. थर्माकोलचा खोका, खाली बर्फ, त्यावर झाकण घट्ट लावलेल्या डब्यात कालवं, वर पुन्हा बर्फ. बर्फाचं पाणी कालवांत जाऊ द्यायचं नाही. बाहेर एकूण दोन तासांहून जास्त नाही, आणि ऊन असेल तर एकच तास. घरी आल्यावर डबा थेट फ्रीजमध्ये, सगळ्यात थंड कप्प्यात, आणि शक्यतो त्याच दिवशी शिजवायची.

कोकणकन्येने मुंबईला न्यायची असतील तर आदल्या रात्री गोठवा. साफ केलेली कालवं त्यांच्याच गाळलेल्या पाण्यासकट चपट्या डब्यात भरा, वर बोटभर जागा सोडा आणि दगडासारखी होऊ द्या. निघताना डबा वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फाच्या खोक्यात ठेवला की रात्रभराच्या प्रवासात तग धरतो. पोचल्यावर उघडून बघा. मधे अजून बर्फ असेल तर ठीक. पुरती विरघळून कोमट झाली असतील तर टाकून द्या. जीव हळहळतो, पण टाकून द्या. नीट गोठवलेली कालवं दोन-तीन महिने चांगली राहतात. वापरायच्या आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश विरघळू द्यायचा, ओट्यावर ठेवायचा नाही.

साफ करणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. कोयतीने फोडताना शिंपल्याचे बारीक तुकडे, म्हणजे कच, गराला चिकटून येते. एका घासात एक जरी कच दाताखाली आली तरी जेवणाराचं मन उडतं, आणि दात दुखावतो तो वेगळाच.

आत्या हे काम पाटावर बसून करते. दोन भांडी घेते, एक कालवांचं आणि एक रिकामं. डाव्या हाताच्या तळव्यावर एक कालव घेते आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावरून हळू फिरवते, आधी झालरीवरून, मग जिथे ते शिंपल्याला धरून असतं त्या घट्ट गोटीवरून. कच बहुतेक त्या गोटीशीच अडकलेली असते. अंगठा थांबला की ती नखाने तुकडा काढून पाटाच्या कडेला लावते. या सगळ्या वेळात तिची नजर माझ्याकडे, शेजारणीकडे, अंगणातल्या कोंबड्यांकडे असते. मी एकदा चष्मा लावून, दिव्याखाली बसून हेच करत होते, तर म्हणाली, "बोटांका कळता गो, डोळ्यांका नाय." खरंच आहे. मी साफ केलेल्या वाटीतून तिने अकरा तुकडे काढून दाखवले.

तर असं करा. कालवं आधी चाळणीत ओता आणि खाली पडलेलं पाणी जपून ठेवा. मग एकेक कालव हातात घेऊन अंगठ्याने तपासा. बाजूला वाडगाभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून ठेवा आणि प्रत्येक कालव त्यात एकदाच बुडवून काढा. नळाखाली धरून खळखळ धुवू नका, चव नळाबरोबर जाते. जपून ठेवलेलं पाणी दहा मिनिटं स्थिर ठेवलं की रेती तळाशी बसते. वरचं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. कालवांची खरी चव त्यात आहे आणि मीठही त्यात आहे.

शिंपल्यासकट मिळाली तर घरी चाकूने उघडायच्या भानगडीत सहसा पडू नका, विशेषतः खडकावरची असतील तर, कारण त्यांचा आकार वेडावाकडा असतो आणि चाकू निसटून तळहातात जातो. ब्रशने घासून चिखल काढा. जे कालव उघडं आहे आणि टिचकी मारल्यावरही मिटत नाही ते मेलेलं आहे, ते टाका. बाकीची फ्रीजमध्ये ठेवायची तर खोलगट बाजू खाली ठेवून, वर ओला कपडा टाकून ठेवा. पाण्यात बुडवून किंवा बंद पिशवीत ठेवलीत तर गुदमरून मरतील. शिजवताना मोदकपात्रात वाफवा. शिंपले उघडल्यावर आणखी निदान चार मिनिटं आणि मोठी असतील तर नऊ मिनिटांपर्यंत वाफ द्या. उघडलं की झालं असं समजून उतरवू नका. जे उघडतच नाही ते खायचं नाही. लहानपणी आम्ही चुलीच्या निखाऱ्यांवर टाकायचो. शिंपल्यातून पाणी चुरचुरत बाहेर यायचं आणि राखेत पडून खारट वाफ नाकात जायची. आजही अंगणात शेकोटी असेल तर करून बघा, फक्त तडकणाऱ्या कपच्यांपासून मुलांना लांब बसवा.

सुकं

अर्धा किलो कालवं, दोन मोठे कांदे बारीक चिरून, दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून, बोटभर आलं, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मालवणी मसाला, चार-पाच आमसुलं, एक वाटी ओलं खोबरं, कोथिंबीर, तीन मोठे चमचे खोबरेल तेल. खाण्याचं खोबरेल चालत नसेल तर शेंगदाण्याचं घ्या, पण चवीत फरक पडतो.

कढईत तेल तापवून लसूण घाला आणि कडा पिवळ्या होऊ द्या. मग कांदा घाला आणि तो खरोखर मऊ, तांबूस होईपर्यंत परता. दहा-बारा मिनिटं लागतात. कालवांना वेळ द्यायचा नसतो, म्हणून सगळा वेळ कांद्याला द्यायचा. आलं, हळद आणि मसाला घालून मिनिटभर परता, करपेल असं वाटलं तर गाळलेल्या पाण्याचा हबका मारा. आता ते उरलेलं गाळलेलं पाणी घाला आणि उकळून निम्मं आटवा. इथवर कालवं कढईत गेलेलीच नाहीत हे लक्षात घ्या. बरेच जण ती आधी घालतात आणि मग पाणी आटवत बसतात, तोवर त्यांचं रबर होतं.

रस्सा दाटसर झाला की कालवं आणि आमसुलं एकदम घाला. पुन्हा पाणी सुटेल. मोठ्या आचेवर खळखळून उकळी आली की पाच मिनिटं मोजा. तीन मिनिटांच्या आत मुळीच उतरवू नका, सात-आठच्या पुढे जाऊ नका. झालर आक्रसून कुरळी होते आणि गर टणक, फुगीर दिसतो, ती खूण. खोबरं आणि कोथिंबीर घालून एक वाफ द्या आणि आता मीठ चाखा. आधी मीठ घातलंत तर पस्तावाल. माझ्या कढईला बहुतेक वेळा चिमूटभरही लागत नाही.

तांदळाची भाकरी किंवा घावणे याच्याबरोबर उत्तम. उकड्या तांदळाच्या भातावर घ्यायचं असेल तर थोडं पातळ ठेवा. सोबत सोलकढी हवीच. आमच्याकडे नाताळला पाहुणे मुंबईचे असतात, त्यांना तिखट झेपत नाही, तर मसाला कमी न करता खोबरं दीडपट करतो.

तळलेली कालवं मुलांना फार आवडतात. त्यांत एकच अडचण आहे, आतल्या पाण्यामुळे तेल भयंकर उडतं. उपाय असा की कालवं आधी त्यांच्याच पाण्यात हळद घालून तीन मिनिटं उकळून घ्यायची, निथळून कापडावर कोरडी करायची, मग मसाला आणि कोकमाचं आगळ चोळून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळून तापलेल्या तेलात दोन मिनिटं कुरकुरीत तळायची. आतून आधीच शिजलेली असल्यामुळे काळजी नाही. उकळलेलं पाणी आमटीत जातं.

बाहेर खाताना

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या भागात नाताळ ते एक जानेवारी पाय ठेवायला जागा नसते. खानावळीच्या फळ्यावर सुरमई, पापलेट, कोळंबी लिहिलेली असते, कालवं क्वचितच. याचा अर्थ मिळत नाहीत असा नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन किंवा फोन करून विचारा. माझ्या माहितीतल्या घरगुती खानावळी "उद्या गावली तर करतंय" असं उत्तर देतात आणि ते मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. जिथे रोज, बारा महिने, हव्या त्या वेळी कालवं मिळतात तिथली गोठवलेली असणार. गोठवलेली वाईट नसतात, पण ताज्याच्या भावात कशाला घ्यायची?

रात्रीपेक्षा दुपारी खा. पहाटे काढलेली कालवं दुपारच्या ताटात येतात. रात्रीपर्यंत त्यांचे बारा-चौदा तास झालेले असतात आणि गर्दीच्या दिवसांत खानावळीच्या फ्रीजचं दार सारखं उघडझाप होत असतं. सुकं मागवा किंवा तळलेली, आणि पहिल्या घासाला थांबून चव घ्या. आंबूसपणा वाटला तर ताट बाजूला करा आणि शांतपणे सांगा.

गोव्यात रवा लावून तळलेली कालवं ठिकठिकाणी मिळतात आणि गोंयकारांचा हात त्यात बसलेला आहे. तिथेही प्रश्न तोच, कुठची आणि कधीची. ३१ डिसेंबरच्या रात्री मोठ्या हॉटेलांत बर्फावर मांडून ठेवलेली कच्ची कालवं दिसतात. मी त्यांच्या जवळ जात नाही. बर्फ विरघळतो, संध्याकाळी सातला मांडलेलं ताट अकरापर्यंत तसंच असतं, आणि कितव्या ताटातलं कालव आपल्या हातात आलं हे कळायला मार्ग नसतो.

कच्ची खायची का?

आपल्या खाड्यांतली, वाट्यावर घेतलेली कालवं कच्ची खाऊ नका. याला अपवाद नाही. युरोपात शिंपले वाढवायच्या पाण्याचे अधिकृत वर्ग असतात. पहिल्या वर्गातली कालवं थेट विकता येतात, दुसऱ्या वर्गातली स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून मगच, आणि तिसऱ्या वर्गातली निदान दोन महिने चांगल्या पाण्यात हलवून. आपल्या बाजारातल्या पातेल्याबरोबर अशी कुठलीही चिठ्ठी येत नाही.

लिंबू पिळलं, तिखट सॉस घातला किंवा सोबत मद्य घेतलं की जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. गोठवण्यानेही ते खात्रीने मरत नाहीत. कोमट समुद्रात वाढणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. घरात असं कोणी असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गर्भवती बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर त्यांना कच्चं कालव कितीही भारी हॉटेलातलं असलं तरी देऊ नका. कच्ची कालवं खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप आला किंवा अंगावर फोड उठले तर सरळ रुग्णालयात जा आणि कालवं खाल्ली होती हे पहिल्या वाक्यात सांगा. ज्यांना कोळंबी, तिसऱ्यांची ॲलर्जी आहे त्यांनी शिजवलेलीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत.

धडधाकट माणसाला शहरातल्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये, बाहेरून मागवलेली, शिंपल्यासकट जिवंत आलेली कालवं चाखायची असतील तर विचारा: कुठल्या पाण्यातली, कधी काढलेली, आणि माझ्यासमोर उघडाल का. उघडल्यावर शिंपल्यात पाणी असलं पाहिजे आणि गर चकचकीत. कोरडं दिसलं तर परत करा.

फ्रान्समध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथे नाताळ आणि नववर्षाचं जेवण कालवांशिवाय होत नाही. डिसेंबरात बाजारात लाकडी करंड्या रचलेल्या असतात. करंडीवरचा आकडा लहान तितकं कालव मोठं, हे पहिल्यांदा घेणाऱ्याला उलटं वाटतं. तीन नंबरचं ६६ ते ८५ ग्रॅमचं असतं आणि सुरुवातीला तेच घ्या. करंडीवर काढल्याची किंवा भरल्याची तारीख आणि पाण्याचं ठिकाण असतं, ते वाचा. मारेन-ओलेरोनच्या उथळ तळ्यांतल्या काही कालवांची झालर हिरवी असते, ती एका निळसर शैवालामुळे, घाबरू नका. उघडल्यावर पहिलं पाणी ओतून द्यायचं, थोड्या वेळात दुसरं सुटतं. पहिलं कालव काही न घालता खा आणि दोन-तीनदा चावा, नुसतं गिळलंत तर चव कळणार नाही. मग लिंबू किंवा बारीक चिरलेला छोटा कांदा घातलेलं व्हिनेगर, आणि सोबत राय नावाच्या धान्याचा ब्रेड व लोणी.

आणि तिथेही पाण्यापुढे कोणाचं चालत नाही. २०२३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळानंतर, आर्काशों उपसागरातल्या कालवांच्या विक्रीवर सरकारने बंदी घातली. ती खाऊन लोक आजारी पडले होते आणि नोरोव्हायरस सापडला होता. वर्षाच्या सगळ्यात मोठ्या विक्रीच्या आठवड्यात कालवं वाढवणाऱ्यांचा माल तसाच राहिला, आणि त्यांचा राग होता तो अतिवृष्टीत गटारं भरून वाहिली आणि घाण उपसागरात आली याचा. नोरोव्हायरस थंडीतला जंतू आहे, म्हणून हिवाळा आहे म्हणून कच्ची खायला हरकत नाही, हा हिशेबही पुरा बरोबर नाही.

अमेरिकेत रेस्टॉरंटला कालवांच्या पिशवीवरची चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवावी लागते. तिच्यावर काढल्याची तारीख आणि जागा असते. विनयाने मागितली तर दाखवतात, अवश्य मागा.

उरलेली

सुकं उरलं तर गार झाल्यावर लगेच काचेच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा. गरम करताना कढईत दोन चमचे पाणी घालून चांगली वाफ येऊ द्या, मायक्रोवेव्हमध्ये कालवं फटफट फुटतात. एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवायचं नाही. शिंपले असतील तर वाटेवर टाकू नका, अनवाणी पायाला लागतात. आत्या ते परसात माडाच्या आळ्यात खोल पुरते आणि वर झावळी टाकते, म्हणजे कोंबड्या उकरत नाहीत.